तू ऐकण्यात कच्ची नव्हतीस

मंगल,

तुझ्या दहाव्याला नदीवरून परत आल्यावर तुझी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. "तूच का ती दवाखान्यातली मैत्रीण?" म्हणाली. मी मान हलवली. "मग सांग बरं बाई, आमची मंगी खरंच जपानी बोलायची व्हय? का उगंच आपलं सांगायची?"

"बोलायची," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा चांगलं बोलायची."

"बोलून दाखव ना एखादं. ती बोलायची तसं."

दोन वर्षं आपण दोघींनी रोज जे घोटलं, त्यातलं एक वाक्य मला आठवेना. मग तुझ्या आत्यानंच विषय बदलला आणि कन्नड गावाला जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ सांगितली. तिला वाटलं असेल, मला रडू येतंय. तसं नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि ती का वाटत होती हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

आज तुला जाऊन बावीस दिवस झाले. वॉर्डातल्या ड्युटीच्या तक्त्यावरून तुझं नाव काढलंय. तुझ्या लॉकरला दुसऱ्या सिस्टरचं कुलूप आहे. हे असं होणारच, आपण कितीतरी जणांचं होताना बघितलंय. मला तुझ्याशी जे बोलायचं आहे ते वेगळंच आहे, आणि ते मी तू असताना बोलले नाही.

सुरुवात तूच केलीस. आपल्या दवाखान्यात एक माणूस आला होता. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला नर्सेस हव्या आहेत, भाषेची परीक्षा पास झालात की पुढचं आम्ही बघतो, असं सांगून गेला. वर्ग पुण्याला, तिथंच राहून करायचे. तुला तेवढी रजा मिळणार नव्हती आणि मला घरून सोडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तू मला गाठलंस. आपण एकाच मजल्यावर चार वर्षं काम करत होतो, पण तोवर फारसं बोललो नव्हतो. तू म्हणालीस, "अनघा, तुझं इंग्रजी चांगलंय. मला जिद्द लई आहे. दोघी मिळून घरीच शिकू."

पहिले तीन महिने आपण शिकलो नाही, नुसती साधनं शोधत राहिलो. मी फोनवर एक अॅप घेतलं. ते रोज हिरवे ठिपके द्यायचं आणि 'मी सफरचंद खाते' हेच वाक्य म्हणायला लावायचं. महिनाभर आपण सफरचंदच खात होतो. मग एक हिंदीतला मास्तर सापडला, तो इतका भरभर बोलायचा की तू त्याला अर्ध्या वेगानं लावून ऐकायचीस. मग टेलिग्रामवरचे गट. तिथं फायलींचा ढीग पडलेला. कांजीचे, म्हणजे जपानी चित्राक्षरांचे, तक्ते, जुन्या प्रश्नपत्रिका, सहाशे पानांची व्याकरणं, निम्मी पानं तिरकी स्कॅन केलेली. मी सगळं उतरवून घ्यायचे. फोन भरला की नात्यातल्या लग्नांचे फोटो काढून टाकायचे आणि नवी फाईल घ्यायचे. इथल्या औरंगपुऱ्यातल्या सगळ्या पुस्तकांच्या दुकानांत मी विचारून आले. एकानं मला जपानी पाककृतींचं पुस्तक दाखवलं.

एक दिवस तू माझा फोन हातात घेतलास, बोटानं ती यादी वरपासून खालपर्यंत सरकवलीस आणि म्हणालीस, "एवढं सगळं कुणी वाचायचं? आपण गोळा करायलो नुसतं. एक धर. चांगलं असू दे, वाईट असू दे, एक धर आन् संपव."

मग आपण एकच पुस्तक धरलं. जाड, सगळं जपानीत, आणि समजावून सांगणारा दुसरा भाग इंग्रजीत. तू दोन्हींच्या झेरॉक्स काढून शिवून घेतल्यास. माझं ठीक चाललं. तुझं मात्र दुहेरी काम झालं. आधी इंग्रजी शब्द बघायचा, तो कळला की मग जपानी. "जपानी शिकायला आधी इंग्रजी शिकावं लागायलंय," असं तू म्हणायचीस, पण तक्रार म्हणून नाही.

आणि मग त्या दुपारी, आपण दवाखान्याच्या गच्चीवर डबा खात होतो तेव्हा, तू धड्यातल्या एका वाक्याशी थांबलीस. ताबेते मिरु. मी पुस्तकातलं इंग्रजी वाचून दाखवत होते, प्रयत्न करणे वगैरे. तू घास हातात तसाच धरून म्हणालीस, "ताबेते म्हणजे खाऊन. मिरु म्हणजे बघणं. अगं, हे तर खाऊन बघणं. आपण रोज म्हणतो ते. जरा खाऊन बघ."

"असं शब्दाला शब्द लावायचं नसतं," मी म्हटलं.

"का नाय? पुढचं बघ. करून ठेवणं. तिथं पण ठेवणंच आहे. क्रियापद शेवटी. आमच्या गावाहून, तुझ्या घरापर्यंत, सगळं मागून लागतंय. इंग्रजीतून बघितलं की उलटं दिसतंय, मराठीतून बघितलं की सरळ."

मी हसले. मला आठवतंय, मी कशी हसले ते. तू मग हट्टानं स्वतःची वही केलीस. डाव्या पानावर जपानी, उजव्या पानावर मराठी, इंग्रजीचं नाव नाही. उच्चारसुद्धा तू मराठीतूनच बसवलेस. हिंदीतला मास्तर 'त्सु' म्हणताना अडखळायचा, तू लिहून ठेवलंस, 'हा चमच्यातला च. दुसरा आहे तो चहातला च.' मी म्हणायचे, अशानं तुझं जपानी कन्नडच्या बाजारातलं होईल. तू म्हणायचीस, होऊ दे, तिथल्या म्हाताऱ्यांना काय कळणार कन्नड कुठंय ते. हा वाद आपला कधीच मिटला नाही. मी अजूनही इंग्रजी पुस्तकाची बाजू धरून बसेन म्हटलं तर आता समोर कुणी नाही, आणि खरं सांगायचं तर बाजूही राहिलेली नाही. वर्षभरानंतर तू माझ्या पुढं गेली होतीस. मी वाक्य मनात आधी इंग्रजीत मांडायचे, मग उलटं करायचे. तू सरळ बोलायचीस.

मंगल, हे मला सहन झालं नाही. मी या शहरातल्या चांगल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. माझे आजोबा, वडील, सगळे लिहिण्यावाचण्यावर पोट भरलेले. आणि तू जिल्हा परिषदेच्या शाळेतली, 'व्हय' आणि 'नाय' म्हणणारी. मी कुणाला हे म्हटलं नाही, स्वतःलाही नीट म्हटलं नाही. पण ते होतं.

त्याच सुमारास माझ्या पुण्याच्या मावसबहिणीनं एका बाईंशी ओळख करून दिली. त्या कित्येक वर्षं जपानी शिकवत होत्या. ऐकण्याच्या परीक्षेची तयारी त्या फोनवरून करून घेत, दर रविवारी सकाळी अकरा वाजता, कसलीही अपेक्षा न ठेवता. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कुणी शिकतंय का? दोघी असाल तर बरं, आपसात बोलता येईल."

मी म्हटलं, "नाही. एकटीच आहे."

का म्हटलं, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. तुझं बोलणं ऐकून त्या काय म्हणतील असं वाटलं. ते खोटं नाही, पण खरं कारण दुसरं होतं. तू आलीस तर त्या चार रविवारांत तुझं कौतुक करायला लागतील, हे मला माहीत होतं.

पाच महिने मी दर रविवारी दार लावून बसले. त्यांनी मला ध्वनिमुद्रणं दिली, मुद्दाम हळू बोललेली, मग थोडी भरभर, मग दोन माणसं एकमेकांचं तोडून बोलणारी. कुठला शब्द सोडून द्यायचा आणि कुठला पकडायचा ते शिकवलं. तू एकदा विचारलंस, "रविवारी सकाळी तुझा फोन कधीच का लागत नाय?" मी सांगितलं, आईला देवळात घेऊन जाते. तू म्हणालीस, "चांगलं करतीस." एवढंच.

परीक्षेला आपण दोघी पुण्याला गेलो. बसमध्ये तू पूर्ण वेळ वही उघडून बसली होतीस. निकाल लागला तेव्हा मी पास झाले आणि तू नाही. तुझे एकूण गुण माझ्याहून जास्त होते, मंगल. व्याकरणात, वाचनात तू मला कितीतरी मागं टाकलं होतंस. पण ऐकण्याच्या भागात किमान जेवढे लागतात त्याला दोन कमी पडले, आणि तेवढ्यानं सगळं गेलं.

तू तो निकालाचा कागद बघितलास. मग मला म्हणालीस, "ऐकण्यात कच्ची राहिले मी. तू कसं केलंस गं ऐकण्याचं?"

"असंच," मी म्हटलं. "ऐकत राहिले."

मला तिथं तुला सांगता आलं असतं. त्या दिवशीसुद्धा उशीर झाला नव्हता.

त्यानंतर तू जे केलंस ते मी बघत होते. तुला कुणी ध्वनिमुद्रणं दिली नाहीत. तू स्वतः शोधलीस. तिथल्या रेल्वे स्टेशनांवरच्या सूचना, हवामानाच्या बातम्या, आणि म्हाताऱ्या माणसांसाठीचे व्यायामाचे व्हिडिओ. हात वर घ्या, हळूहळू खाली, आता श्वास सोडा. तू पडेगावच्या तुझ्या भाड्याच्या खोलीत ते लावून सोबत हात वर करायचीस, म्हणजे कानावर पडलेलं अंगात मुरतं म्हणून. मी एकदा आले होते तेव्हा तू पाच मिनिटांत खाली बसलीस. "दम लागतोय आजकाल," म्हणालीस. "जिना पण लई उंच वाटायलाय."

आपण दोघी नर्स. दुसऱ्या कुणी बाईनं वॉर्डात असं सांगितलं असतं तर आपण तिला तिथल्या तिथं डॉक्टरांपुढं उभं केलं असतं. मी तुला म्हटलं, व्यायामाची सवय नाही तुला.

त्याहून वाईट एक आहे. तू मोठ्यानं धडा वाचायचीस तेव्हा वाक्याच्या मध्येच थांबायचीस. मी दर वेळी तुला टोकायचे. वाक्य असं तोडू नकोस मंगल, एका दमात वाच, परीक्षेत असं चालणार नाही. तू "बरं" म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचायचीस. तुझा श्वास पुरत नव्हता. मी वाचन सुधारत होते.

सहा महिन्यांनी तू पुन्हा परीक्षेला बसलीस आणि पास झालीस. ऐकण्यातही चांगल्या गुणांनी. तोवर मी इथंच थांबले होते, आणि वॉर्डात सगळ्या म्हणायच्या, बघा, मैत्रिणीसाठी थांबलीय. मी ते खोडून काढलं नाही. खरं म्हणजे एकटीनं जायची माझी छाती होत नव्हती.

मग जाण्याआधीची वैद्यकीय तपासणी. माझी अर्ध्या तासात झाली. तुझ्या छातीला नळी लावल्यावर त्या डॉक्टरांनी ती बराच वेळ काढलीच नाही. दुसऱ्या दिवशी इको केला. हृदयाची एक झडप अरुंद झालेली होती. लहानपणच्या तापानं झालेलं, इतकी वर्षं आत चाललेलं. जपानला पाठवणारा तो माणूस फोनवर फार गोड बोलला आणि नंतर त्यानं तुझा फोन घेतला नाही. तू मला तेव्हा विचारलंस, "आता ते जपानी कुठं ठेवू मी?" मला वाटलं तू चेष्टा करतेयस. तुझ्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं की नाही.

मोठ्या डॉक्टरांकडे मी तुझ्याबरोबर आले होते. तू बाहेर गेल्यावर त्यांनी मला, स्टाफमधली म्हणून, मोकळेपणानं सांगितलं. सहा-सात महिने आधी आली असती तर फुगा घालून झडप उघडता आली असती, बहुतेक भागलं असतं. आता आत गुठळी दिसतेय. मोठं ऑपरेशन लागेल, तारीख मिळेपर्यंत रक्त पातळ करायच्या गोळ्या.

सहा-सात महिने. मी त्या खोलीतच हिशोब केला. पहिल्या वेळी तू पास झाली असतीस तर ही तपासणी तेव्हाच झाली असती. दोन गुण कमी पडले होते तुला. पाच महिन्यांच्या रविवारांत दोन गुण.

कुणी म्हणेल, असा हिशोब लावायचा नसतो, आजार काही परीक्षेची वाट बघत नाही. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. आणि हेही खरं की तुझी धाप मी बघत होते, तुला दवाखान्यात न्यायला जपानची गरज नव्हती. पण हिशोब लागतो, मंगल. कुठूनही मोजलं तरी माझ्यापाशीच येऊन थांबतो.

ऑपरेशनची तारीख आली नाही. सकाळी ड्युटीला आली नाहीस म्हणून मी फोन केला, तो तुझ्या घरमालकीणबाईंनी उचलला. गुठळी मेंदूत गेली होती. तुला आपल्याच दवाखान्यात आणलं, आपल्याच मजल्यावर. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तू नऊ दिवस होतीस. डोळे उघडे असायचे. कधी माझा हात डाव्या हातानं धरायचीस. तोंडातून एकच आवाज यायचा, हुंकारासारखा, आणि तो कुठल्याच भाषेतला नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी तुझी माय जेवायला खाली गेली होती. खोलीत आपण दोघीच होतो. मी ठरवून आले होते की आज सांगायचं. तुझ्या कानाजवळ खुर्ची ओढली. तू माझ्याकडे बघत होतीस. मी सलाईनचा वेग बघितला, तुझी उशी सारखी केली, तक्त्यावर नाडीचे आकडे लिहिले आणि बाहेर आले. नंतर मी स्वतःला सांगितलं, आजारी माणसाला त्रास नको. ते तुझ्यासाठी नव्हतं.

मागच्या रविवारी तुझी माय आणि भाऊ तुझी पडेगावची खोली रिकामी करायला आले होते. जाताना ते समर्थनगरला आमच्या घरी आले. माझ्या आईनं चहा केला. तुझ्या मायनं कप हातात घेतला, प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "अनघाताई, माझ्या लेकीला तुम्ही शिकवलं. ती फोनवर म्हणायची, माय, अनघा नसती तर मला यातलं कायच आलं नसतं. तुमचे उपकार आहेत."

आई म्हणाली, "हो, अनघानं खूप मेहनत घेतली तिच्यावर."

मी म्हटलं, "मावशी, तसं नाही. मी तिच्यापासून एक गोष्ट लपवली." आणि सांगितलं. पुण्याच्या बाई, रविवार, मी एकटीच आहे म्हणाले ते. दोन गुण. डॉक्टर काय म्हणाले ते. सगळं एका दमात सांगितलं, माझ्या आईच्या समोर.

तुझा भाऊ खाली बघत होता. तुझ्या मायची नजर माझ्यावर होती, रागाची नाही. त्यांनी हळूच विचारलं, "रविवारी सकाळी? पर तिला तर रविवारी सकाळची ड्युटी असायची ना? तिला कुठं जमलं असतं?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं की त्या मला सोडवत होत्या, मला सांगता येणार नाही. त्यांची लेक गेलीय आणि त्या माझ्यासाठी वाट शोधत होत्या, एवढं दिसत होतं. आईचा हात माझ्या पाठीवर होता.

मी म्हटलं, "हो. ड्युटी असायची."

त्या "मग बघा" म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

मी पुढच्या महिन्यात जपानला जाणार आहे. न जाण्यानं काही फिटेल असं वाटत नाही, आणि तसं म्हणून मी इथं बसले तर तो आणखी एक बहाणा होईल. पुण्याच्या बाईंना कळवलंय, आता पुढचं मला शिकवू नका म्हणून. कारण त्यांनाही सांगितलं. त्यांनी फक्त तुझं नाव विचारलं.

पण तुझ्या मायला मी जे उत्तर दिलं ते माझ्याच्यानं गिळवत नाही. म्हणून हे इथं उघडपणे लिहिते आहे, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं, तुझ्या भावानंही वाचावं आणि तुझ्या मायला वाचून दाखवावं. ड्युटीचा तक्ता दर महिन्याला मीच लिहायचे. पाचही महिने तुझी रविवारची ड्युटी दुपारी दोनची होती. सकाळी तू मोकळी असायचीस, मंगल. खोलीवर एकटीच वही घेऊन बसलेली असायचीस.